साडेतीन हजारांत एकलव्य

दोस्तहो, गेल्या महिन्यात मी दोन दिवस एकलव्य होऊन आलो. दरडोई साडेतीन हजार रुपये. त्यात तंबू, तीरकामठा, गळ, जाळं, चहा आणि जेवण. जेवण शुद्ध शाकाहारी. शिकार शिकवणाऱ्या शिबिरात वरणभात आणि बटाट्याची भाजी! मला हसू आवरेना, तेव्हा संयोजकबाई म्हणाल्या, 'आपण इथं हिंसा नाही, कौशल्य शिकतो.' म्हणजे हात रानातला पाहिजे आणि ताट पेठेतलं.

जागा कर्जतच्या पुढं, एक फार्महाऊस. नाव सांगत नाही, एकट्या त्याचंच नाव घ्यावं असं त्यात काही नाही. एसीखाली बसून मान आखडलेली माणसं शनिवारी तिथं येतात, बूट काढून मातीत पाय ठेवतात आणि म्हणतात, किती साधं असतं ना यांचं आयुष्य. रविवारी संध्याकाळी गाडीत बसून परत. परतीचं तिकीट खिशात असलं की दुसऱ्याचं दारिद्र्य फार देखणं दिसतं.

पैसे माझे नव्हते. साडेतीन हजार म्हणजे माझ्या पाच दिवसांच्या पाळ्या, त्याही लागल्या तर. पैसे भरले माझ्या दोस्तानं. आम्ही एकाच वस्तीतले, एकाच नळावर भांडून वाढलेले. तो इंजिनीयर झाला, मी मॅट्रिकवर थांबलो आणि ठेकेदाराच्या पासावर गोदीत शिरलो. त्याचा ठाण्यात फ्लॅट झाला, पण चळवळ त्यानं सोडली नाही, हे त्याचं मोठेपण मी कुणासमोरही कबूल करीन. त्यानंच आपल्या युवक शाखेत ठराव आणलाय आणि त्या ठरावासाठीच हे सगळं लिहितोय. ठराव असा की जयंतीच्या वर्गणीतून पंचवीस धनुष्यं घ्यायची, 'एकलव्य पथक' उभं करायचं, पोरांना तिरंदाजी, साधी मासेमारी, रानातलं जगणं शिकवायचं. आणि शेवटची ओळ : 'यंत्राच्या गुलामीतून बाहेर पडून आपण आपल्या मुळांकडे परत जाऊ.'

पहिल्या भागाशी माझं थोडंसं भांडण आहे. शेवटच्या ओळीशी पुरतं आहे.

आधी शिबिराचं ऐका. तीरकामठे नंदुरबारच्या बाजूचे, भिलांकडून विकत आणलेले. शिकवणारा कर्जतचा कातकरी, पन्नाशीचा, काटकुळा. बाणांचा भाता राजस्थानी आरसेकामाचा. त्या बाईंच्या लेखी आदिवासी म्हणजे एकच माणूस, कुठूनही उचला. त्याच्या अंगात शिबिराचा टीशर्ट, छातीवर 'ट्रायबल गुरू' असं छापलेलं. त्याला ते वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं तर म्हणाला, 'असूं दे, कापड बरं हाय.'

आम्ही बावीस जण होतो. बावीस गुणिले साडेतीन हजार, सत्याहत्तर हजार. गोदीत गोण्या मोजणाऱ्याला असला हिशेब करायला कागद लागत नाही. गुरूला दिवसाचे पाचशे. दोन दिवसांचे हजार. बाकीच्या शहात्तर हजारांत तंबू, बटाटे आणि साधेपणा.

पण त्यानं तो कामठा हातात घेतला आणि मग मी गप्प झालो. भिलांच्या त्या कामठ्याची दोरीसुद्धा बांबूचीच असते. सुताची नाही, आतड्याची नाही, बांबूच्या सालीची पट्टी तासून दोन्ही टोकांना अडकवलेली. त्याच्या आज्याकडं कामठा होता, पोरपणी त्यानं ओढलेला. आता वाडीत सगळ्यांकडं बेचकी. तरी त्यानं ती पट्टी नखानं वाजवून पाहिली आणि कुठला कामठा पोराला द्यायचा, कुठला माझ्यासारख्या हमालाला, ते आवाजावरून लावलं. बांबू किती वर्षांचा घ्यायचा, कुठल्या महिन्यात तोडायचा, काळोख्या पंधरवड्यात तोडला तर कीड लागत नाही असं का मानतात, ताण कुठं जास्त ठेवायचा, हे तो अर्धा तास सांगत होता. हे साधं आहे? साधं म्हणजे आमच्या बावीस जणांपैकी कुणालाही आयुष्यभरात जमणार नाही ते! वापरणारा गरीब असला की त्याच्या शास्त्राला आपण 'साधेपणा' म्हणतो. इंजिनीयरनं केलं तर तेच 'डिझाईन'.

मी ओढला. खोटं कशाला बोलू, मजा आली. खांद्याच्या मागची जी शिर रोज गोणीखाली चिरडते, तीच शिर ताणून धरायची आणि मग सोडायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीनं काही तरी उचललं नाही, फेकलं. पहिले चार बाण गवतात गेले, पाचवा पेंढ्यात रुतला आणि माझ्या तोंडून शिवी गेली, आनंदाची. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोरी लागून निळा पट्टा उठला. दुसऱ्या दिवशी गोदीत मुकादमानं विचारलं, 'कुणी मारलं रे?'

आणि इथंच ती गोष्ट आली, जिच्यामुळं मी हा लेख लिहायला बसलो. मी सवयीनं अंगठा लावायला गेलो. त्यानं माझा अंगठा बाजूला सारला. म्हणाला, 'ह्याचं काय काम न्हाई भाऊ.' तर्जनी आणि मधलं बोट, दोरी त्यांनीच खेचायची. आज ऑलिंपिकचे तिरंदाजही तीन बोटांनी ओढतात, अंगठा दोरीला लागत नाही. अंगठ्यानं दोरी खेचायची पद्धतही जगात आहे, मंगोलांकडं, तुर्कांकडं, त्यासाठी अंगठ्यात कडं घालतात. पण ती एकच पद्धत नव्हे. द्रोणानं अंगठा मागितला तेव्हा त्याला माहीत असलेल्या धनुर्विद्येचा शेवट त्यानं मागितला, धनुर्विद्येचा नाही.

महाभारताच्या आदिपर्वातच लिहिलंय, काढून बघा. अंगठा दिल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण मारत राहिला, फक्त पूर्वीचा वेग राहिला नाही. आणि त्याच्याही आधीचं बघा. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात त्यानं सात बाण भरले आणि कुत्रं जिवंत पांडवांकडं परत गेलं. असला हात! आपण काय केलं? कीर्तनकारांनी त्याला गुरुभक्तीच्या आरासात बसवला, आणि आपण त्याला अंगठ्यापाशी संपवला. रक्त, पानावर ठेवलेला अंगठा, आणि पडदा. मीही संपवलाय, माझ्या दोन कवितांत. टाळ्या मिळाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तो काय करत होता, पोट कसं भरत होता, हे मी कधी विचारलं नाही. जखमेवर कविता होते, दोस्तहो. दोन बोटांनी पुन्हा शिकण्यावर आपण एक ओळ लिहिली नाही.

आता सरकार बघा. उत्तम खेळाडूला १९६१ पासून पुरस्कार मिळतो तो अर्जुनाच्या नावाचा. उत्तम प्रशिक्षकाला १९८५ पासून मिळतो तो द्रोणाचार्याच्या नावाचा! ज्यानं शिकवलं नाही आणि न शिकवल्याची फी वसूल केली, त्याच्या नावानं शिकवणाऱ्याचा गौरव. आपल्या देशाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं? राजस्थानात उदयपूरकडच्या आदिवासी गावातला लिंबाराम, बांबूच्या धनुष्यावर वाढलेला पोरगा, १९८७ साली निवडला गेला, १९८८ ला सोल, १९९२ ला बार्सिलोना, १९९६ ला अटलांटा अशी तीन ऑलिंपिक खेळला. १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण घेतलं, जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. त्याला १९९१ साली सरकारनं काय दिलं? अर्जुन! मी त्या माणसाच्या कर्तबगारीपुढं मान झुकवतो आणि त्या नावापुढं थुंकतो. याच अर्जुनानं खांडववन पेटवताना बाहेर पळणारी जनावरं, पाखरं बाणांनी परत आगीत लोटली होती. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये त्या जाळपोळीला प्रश्न विचारला, विद्यापीठातल्या बाईंनी विचारला म्हणून लोकांनी ऐकून तरी घेतला. वस्तीतल्या पोरानं विचारला असता तर 'भावना दुखावल्या' म्हणून चौकी दाखवली असती.

असो. रात्री शेकोटी पेटली. गिटार निघाली. गुरूला कुणी बसायला सांगितलं नाही, म्हणून मी त्याच्याकडं जाऊन बसलो, पाण्याच्या टाकीमागं. बिडी ओढत तो सांगत होता. त्याच्या भाच्याला गार्डानं सशासकट धरला होता. बेचकी, एक ससा, आणि केस. सशापायी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. तारखा चालू आहेत. तारखेला जायचं तर त्या दिवसाची वीटभट्टी बुडते आणि भट्टीवाल्याची उचल अंगावर चढते. आणि इकडं त्याच्याच मामाला पाचशे रुपये रोज मिळतो, कशाचा? शिकार कशी करायची ते दाखवायचा.

समजलं का दोस्ता? भाच्यानं केलं तर गुन्हा, मामानं दाखवलं तर संस्कृती. मधला फरक फक्त भुकेचा.

ससे मारायला परवानगी द्या असं मी म्हणत नाही. रानात उरलंय किती, हे रानात राहणाऱ्याला वनमंत्र्यापेक्षा जास्त कळतं. पण रान संपवलं कुणी याचा हिशेब मागतो मी. कोरिया संस्थानच्या राजानं १९४७ साली तीन चित्ते मारले, देशातले शेवटचे म्हणून त्यांचीच नोंद होते. त्या राजानं काय तीरकामठा ओढला होता? साहेब आणि संस्थानिक रायफली घेऊन मचाणावर बसले आणि रान खाली झालं. १९७२ चा कायदा आला, तरी परवाने देऊन शिकारीची सोय त्यात होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. परवाना कुणाला परवडत होता, कातकऱ्याला? त्याच्यासाठी कायद्यानं 'उपद्रवी' म्हणून एक यादी ठेवली होती, कावळा, उंदीर, घूस, वटवाघूळ. कागदावरचं उष्टंच ते. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीही गेली.

पारध्यांचं तर नावच फाशावरून, फासेपारधी. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि फासा लावणारा माणूस जन्मापासून चोर ठरला. १९५२ साली तो कायदा गेला, १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. पाटी बदलली, पहारा तोच. आज गावात चोरी झाली की पहिली काठी कुणाच्या पालावर पडते हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि 'आदिम फासे-कौशल्य' हे त्या शिबिराच्या वेळापत्रकात रविवारी सकाळी साडेनऊला होतं, नाश्त्यानंतर.

आता माझ्या दोस्ताच्या 'मुळां'कडं येतो.

आमचं मूळ कोकणातलं. नदीला कोंडी होत्या. वरची कोंड गावाची, मधली मराठ्यांच्या गुरांची, सगळ्यात खालची आमची. आजी सांगायची, पहिल्या पावसाला वलगण चढायची तेव्हा मासा जात बघत नसे, तो आमच्या कोंडीतून वर जायचा. त्या एका रात्री महारवाड्याचा पहिला हात. चुडी पेटवून बायाबाप्ये ओढ्यात उतरायचे, कोयत्याच्या पाठीनं मारायचे, टोपलीखाली दाबायचे. शिंगट्या, मरळ, झिंगे. गेळ्याची फळं ठेचून डबक्यात टाकली की मासा झिंगून वर यायचा, ते काम बायांचं. आजीच्या तोंडाला ते सांगताना पाणी सुटायचं आणि मग ती एकदम थांबायची. कारण वरच्या कोंडीत पाय घातला म्हणून तिच्या दिराला झोडपलं होतं, त्याच रात्री, त्याच माशासकट. पाण्याला नुसता हात लावायला आपल्याला २० मार्च १९२७ ला महाडला जावं लागलं. पाण्यातल्या माशाचा हक्क तर त्याच्या पुढची पायरी, ती आपण अजून चढलोच नाही.

आणि शिकार? माझा पणजा शिकारीला जायचा. पण तीरकामठा घेऊन नाही, पत्र्याचा डबा घेऊन. साहेबाची, नाहीतर पाटलाच्या पाहुण्यांची शिकार असली की महारवाड्यातून हाकारे न्यायचे, वेठीला. डबे बडवत झाडीत घुसायचं, डुक्कर उठवायचं, बंदूकवाल्यापुढं हाकलायचं. डुक्कर उलटलं तर मांडी कुणाची फुटणार? पणजा शेवटपर्यंत लंगडत होता. वाट्याला आतडी. हे आमचं मूळ आहे, दोस्ता. याच्याकडं परत जायचं म्हणतोस?

म्हणून बाबासाहेब खेड्याला भुलले नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याच्या गौरवावर त्यांनी घण घातला तो उगाच नाही. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात त्यांनी यंत्राचीही बाजू मांडली आहे : यंत्र माणसाला फुरसत देतं, आणि फुरसतीशिवाय माणूस जनावराच्या पातळीवर राहतो, दुःख येतं ते यंत्रातून नव्हे, त्याचा फायदा मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेतून. ठरावातली शेवटची ओळ लिहिताना हे पुस्तक कपाटात होतं की कुलपात?

दोस्त म्हणेल, तू गोदीतला, यंत्रानं तुझंच पोट मारलं. खरं आहे. माझा आजा साठच्या सुमारास मुंबईत आला. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगाराची नोंदणी आली होती, त्याच्या जिवावर त्याला बिल्ला मिळाला, हजेरी मिळाली, म्हातारपणी चार पैसे मिळाले. त्याचा हूक अजून घरी खिळ्याला आहे. मग कंटेनर आला, १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं, माल तिकडं वळला, टोळ्या मोडल्या. आज मी त्याच धक्क्यावर त्याच गोण्या उचलतो, पण बिल्ल्याशिवाय. माझं नाव ठेकेदाराच्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. पेन्सिलीनं, म्हणजे खोडायला सोपं.

पण क्रेनवर माझा राग नाही. क्रेन चार तासांत उचलते ते माझ्या मानेचे मणके वाचवून उचलते. त्या वाचलेल्या तासांचे पैसे कुणाच्या खिशात गेले, भांडण ते आहे. आणि खाडी? उरण-पनवेलच्या खाड्यांत हातानं खेकडे धरणारी, होडीवर पाग टाकणारी साधी मासेमारी करणारी माणसं होती, अजून आहेत. त्या बंदराच्या भरावानं त्यांचं पाणी तोडलं. २०१५ साली हरित न्यायाधिकरणानं १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई द्यायचा निकाल दिला. म्हणजे साधेपणाची किंमत काढता येते, कोर्टात निघते, रुपयांत निघते. ती माणसं 'मुळांकडे परत चला' म्हणत कोर्टात गेली नाहीत. आमचं पाणी आमच्याच नावावर होतं, ते भरून टाकलं, त्याचं काय देता, हे विचारायला गेली. साधी मासेमारी अशीही करतात.

शिबिरातली मासेमारी सांगायची राहिली. फार्महाऊसमागं ओढा आहे, त्याला सुंदर डोह आहे. गुरूच्या बापानं, आज्यानं त्या डोहात हात घालून खडकाखालचे खेकडे काढले. आता डोहाला तारेचं कुंपण. आम्हाला नेलं शेततळ्यावर, तिथं विकत आणून सोडलेले रोहू. गळ टाकायचा, मासा काढायचा, फोटो, आणि परत पाण्यात. पकडा आणि सोडा. एका पोरीच्या गळाला लागलेला रोहू ओठ फाटलेला होता, आधीच्या शनिवारचा असणार. गुरूनं गेळ्याच्या फळाचं सांगायला सुरुवात केली तर बाईंनी थांबवलं, 'ते नको, ते पर्यावरणाला चांगलं नाही.' कुंपणाच्या तारेवर त्याच्या वाडीतली दोन पोरं हात ठेवून बघत होती. मोठी माणसं मासा धरतात आणि सोडून देतात, हे त्यांना काही केल्या कळेना. छोटं पोरगं मोठ्यानं म्हणालं, 'याडं झालं काय?' दोन दिवसांत ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य ते.

परतीच्या लोकलमध्ये आम्ही दोघं भांडलो. मी हे सगळं बोललो, याहून वाईट शब्दांत बोललो. तो ऐकून घेत होता. वांगणी गेल्यावर म्हणाला, 'तुला राग येतो, मान्य. पण तू बाण मारताना हसत होतास. मी तुला लहानपणापासून ओळखतो, तसा हसताना पाहिला नव्हता. आपल्या पोरांना तेवढं पण नाही का मिळायचं? आपण काय कायम कुणाच्या तरी दुःखाचा हिशेबच ठेवायचा?'

मला उत्तर सुचलं नाही. कल्याणपर्यंत मी बाहेर बघत बसलो. त्याचं खरं होतं. मजा ही त्यांचीच मक्तेदारी आणि आपल्याला फक्त विद्रोह, ही वाटणी कुणी केली? आमच्या वस्तीतल्या पोरांना मैदान नाही, जे होतं तिथं गाड्या उभ्या राहतात. कॅरमची क्लबं आणि नाक्यावरचा गांजा, यापलीकडं हातांना काम नाही. त्या हातांत कामठा आला आणि श्वास धरून एक पोरगं दहा सेकंद स्थिर उभं राहिलं, तर ते मला हवंय. माझ्या बहिणीच्या पोराला हवंय. म्हणून मी ठराव पाडा असं म्हणत नाही. दुरुस्त्या मांडतो.

पंचवीस धनुष्यं घ्या, पण मिरवणुकीसाठी नाही. जयंतीच्या ट्रकवर निळा फेटा बांधून धनुष्य उगारलेला एकलव्य मला नको, ती आरास झाली. देशपातळीवर 'इंडियन राउंड' नावाची स्पर्धा असते, बांबूच्या धनुष्याची, तीस आणि पन्नास मीटरवर. तिथपर्यंत आपली पोरं जाऊ शकतात. त्याच्या पुढं, ऑलिंपिकचं धनुष्य लाखांत जातं आणि गरिबाचं पोरगं तिथंच अडतं, कारण अंगठा आता कापत नाहीत, कोटेशन देतात. तेव्हा आतापासूनच एक वर्गणी वेगळी ठेवा, पुढच्या धनुष्यासाठी. कुणा गुरूच्या नावानं नको, नुसती धनुष्याची वर्गणी.

शिकवायला त्या कातकऱ्याला बोलवा. महिन्यातून दोन रविवार. पाचशे नाही, आपल्याकडं येणाऱ्या वक्त्यांना आपण जे पाकीट देतो तेवढं, प्रवास वेगळा. आणि छातीवर काही न छापलेला सदरा. मी त्याला विचारलंय. म्हणाला, 'येतो. पण भाच्याच्या तारखेला न्हाई येणार.'

आणि मासेमारी. पोरांना शेततळ्यावर न्यायचं नाही. २००६ चा वनहक्क कायदा काढून वाचा, मी गोदीत डबा खाताना तीन दिवसांत वाचला, तुम्हाला एक दिवस पुरेल. त्यात शिकारीचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळलाय. पण मासे आणि पाणवठ्यातली इतर पैदास यांवरचा सामूहिक हक्क त्यात आहे, तिसऱ्या कलमात. त्याच्या वाडीच्या वरच्या अंगाला तो ओढा वनजमिनीतून येतो, कुंपणाच्या बराच वर. तिथं वाडीचा दावा लागू शकतो. ग्रामसभेचा ठराव लागतो, नमुना 'ब' भरावा लागतो, म्हाताऱ्यांच्या जबान्या लिहून घ्याव्या लागतात : कुठल्या डोहाला काय म्हणायचे, कुठल्या महिन्यात कुठला मासा, गेळा कुठं टाकायचे. कातकरी हे सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, आणि त्यांच्या वाडीत अर्ज लिहिणारा एक माणूस नाही. आपल्याकडं बी.ए. झालेले अकरा जण आहेत, सगळे कविता करतात. त्यांनी जाऊन लिहावं. आपण त्यांचे पुढारी व्हायला जायचं नाही हे लक्षात ठेवा. आपल्यालाही अशीच माणसं भेटली होती, उद्धार करायला आलेली. लिहायला जायचं, वाचून दाखवायचं, सही त्यांची घ्यायची. अंगठा असेल तर अंगठा.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर ओढ्यात उतरायचं असेल तर उतरा, त्यांनी बोलावलं तर. आणि धरलेला मासा सोडायचा नाही, खायचा.

शेवटची ओळ, 'मुळांकडे परत', मी माझ्या प्रतीत पेन्सिलीनं खोडली आहे. दोस्ताला ती हवी असेल तर त्यानं मीटिंगमध्ये उभं राहून तिची बाजू मांडावी, मी ऐकीन, आणि आजीच्या दिराची गोष्ट पुन्हा सांगीन. ठरावाच्या प्रती नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं ठेवल्या आहेत, ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांनी घ्याव्यात. रविवारी माझी दुसरी पाळी आहे, जहाज लागलेलं आहे. मीटिंग सकाळी ठेवा.